चार मोडेम आणि एक इंटरकॉम: १९९५चं डायल-अप पुन्हा कसं चालू करावं

शाळेत, कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात किंवा एखाद्या छोट्या संग्रहालयात ‘सुरुवातीचं इंटरनेट’ दाखवायचं ठरलं, की बहुतेक ठिकाणी एक जुना पीसी मांडतात, त्यावर जुना ब्राउझर उघडतात आणि मोडेमची किरकिर मोबाइलवरून ऐकवतात. बघणारा हसतो आणि पुढं जातो. भारतात घरोघरी इंटरनेट आलं ते टेलिफोनच्या दोन तारांवरून. ते कुणाला मिळालं, किती वेळ टिकलं आणि केवढ्याला पडलं हे त्या तारांनी, पलीकडच्या मोडेमच्या संख्येनं आणि एक्स्चेंजच्या मीटरनं ठरवलं. त्यामुळे मांडायची ती लाइन. ग्राहक, एक्स्चेंज आणि सेवा देणारी कंपनी या तिघांना एका टेबलावर आणायचं काम दोन-तीन दिवसांत होतं.

संदर्भापुरतं इतकंच: अर्नेट १९८६ पासून होतं, पण ते शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांपुरतं. सर्वसामान्य ग्राहकाला जोडणी मिळाली ती विदेश संचार निगमनं, म्हणजे व्हीएसएनएलनं, १५ ऑगस्ट १९९५ला सेवा सुरू केल्यावर. आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, मग पुणे-बंगळूर. खाजगी कंपन्यांना दार उघडलं ते नोव्हेंबर १९९८मध्ये. आपली मांडणी या सव्वातीन वर्षांतली आणि त्यापुढच्या चार-पाच वर्षांतली आहे.

सामान

एक छोटा ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणारा इंटरकॉमचा संच. बाजारात ‘३०८’ म्हणतात तो घ्या: बाहेरच्या ३ लाइनी, आतली ८ एक्स्टेन्शनं. ऑफिसं मोबाइलवर गेल्यापासून हे संच भंगारात पडून असतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुरुस्तीवाल्याकडे चालू अवस्थेतला मिळतो. हे आपलं एक्स्चेंज. बाहेरच्या लाइनीचे तिन्ही सॉकेट रिकामे ठेवायचे. सार्वजनिक लाइनीला यातलं काहीही जोडायचं नाही.

चार मोडेम, दोन ग्राहकांचे आणि दोन कंपनीचे. बाहेर ठेवायचे, सिरियल पोर्टचे मोडेम घ्या. पीसीच्या आत बसणारी स्वस्त पीसीआय कार्डं बहुधा ‘विनमोडेम’ असतात: अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो, लिनक्सवर ती मुकी राहतात. यूएसबी मोडेम घ्यायचाच तर यूएस रोबोटिक्सचा ५६३७ चालतो, कारण त्याचा कंट्रोलर त्याच्या आतच आहे. मोडेम विकत घेताना त्याचा स्वतःचा अॅडॉप्टर मागून घ्या. काही मोडेमना डीसी लागतो, काहींना एसी. यूएस रोबोटिक्सच्या स्पोर्टस्टरला ९ व्होल्ट एसी लागतो. पिन बसते म्हणून भलताच अॅडॉप्टर लावला की मोडेम जातो, आणि जुने मोडेम याच कारणानं सर्वाधिक मेले आहेत.

एक रास्पबेरी पाय किंवा लिनक्स घातलेला कुठलाही पीसी, सर्व्हर म्हणून. दोन जुने पीसी विंडोज ९८सह. एकच मिळाला तर दुसरा ग्राहक लिनक्स लॅपटॉपवर चालवा. सिरियल पोर्ट नसलेल्या यंत्रांसाठी यूएसबी-सिरियल केबल, शक्यतो एफटीडीआय चिपची. मोडेमची केबल सरळ हवी (एका टोकाला ९ पिना, दुसऱ्या टोकाला २५). ‘नल मोडेम’ केबल दिसायला अगदी तशीच असते आणि तिच्यावर काहीच चालत नाही. विकत घेण्याआधी मल्टिमीटरनं पिन तपासा.

याशिवाय दोन साधे टेलिफोन (एक तरी बटणांचा, शक्य तर एक तबकडीचा), सहा-सात रोझेट (फोनची तार जोडायची छोटी डबी), आरजे-११च्या दोऱ्या, मल्टिमीटर. आणि पुढं सांगितलेल्या ‘तीन किलोमीटर तारे’साठी ८२ ओहमचे सहा रेझिस्टर आणि ४७ नॅनोफॅरडचे, २५० व्होल्टचे तीन कपॅसिटर.

आधी फोन, मग मोडेम

घाई करून मोडेम लावू नका. दोन एक्स्टेन्शनांना साधे फोन लावून एकमेकांना कॉल करा आणि कान देऊन ऐका. गुणगुण ऐकू येत असेल तर अर्थिंग नाही किंवा ईपीएबीएक्सचा पॉवर सप्लाय म्हातारा झाला आहे; त्यातले फिल्टर कपॅसिटर बदलल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. माणसाच्या बोलण्याला ही गुणगुण चालते, मोडेमला चालत नाही.

फोन ठेवलेला असताना लाइनीवर किती व्होल्ट आहेत ते मोजा. सरकारी एक्स्चेंजची लाइन ४८ व्होल्टची असे, छोट्या इंटरकॉमची २४च्या आसपासही असते. दोन्ही चालतात. महत्त्वाचा तो करंट: फोन उचलल्यावर लूपमधून साधारण २० मिलिअँपिअर तरी वाहायला हवेत, नाहीतर ईपीएबीएक्सला लाइन ‘उचलली’ असं वाटतच नाही. व्होल्टचं मोजमाप फोन ठेवलेला असतानाच करा आणि रिंग येत असताना उघड्या तारेला हात लावू नका; रिंगचा व्होल्टेज सत्तरच्या घरात असतो आणि चांगला झटका देतो.

मग ईपीएबीएक्सच्या प्रोग्रॅमिंगमध्ये शिरा. मोडेम लावायच्या चारही एक्स्टेन्शनांवर कॉल वेटिंग बंद करा. मध्येच ‘टुक’ असा आवाज आला की जोडणी तुटते. शहरी ग्राहकांना ही सोय मिळाली तेव्हा इंटरनेटवाल्यांनी ती आधी बंद करून घेतली होती. ‘प्रायव्हसी’ किंवा ‘डेटा प्रोटेक्शन’ अशा नावाची सोय असेल तर ती चालू करा. सर्व्हरच्या दोन मोडेमांची एक्स्टेन्शनं एका हंटिंग ग्रुपमध्ये टाका, म्हणजे एकच नंबर फिरवला की जो मोडेम मोकळा असेल तो वाजेल. कंपन्या हेच मोठ्या प्रमाणावर करत.

मोडेमशी बोलणं

खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे टाइप करायचे.

टर्मिनल प्रोग्रॅम उघडा. वेग ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल हार्डवेअरचा. ‘एटी’ टाइप करून एंटर दाबा. ‘ओके’ आलं की अर्धी लढाई जिंकली. काहीच उमटलं नाही तर केबल किंवा पोर्ट चुकला आहे. अक्षरं उमटत नाहीत पण ‘ओके’ येतं, तर इको बंद आहे: ‘एटीई१’. कचरा उमटतो, तर वेग जुळत नाही.

मोडेमला मूळ सेटिंगवर आणण्यासाठी ‘एटी&एफ’, यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला ‘एटी&एफ१’. रॉकवेल-कोनेक्सन्ट चिपच्या मोडेमांना हार्डवेअर फ्लो कंट्रोलसाठी ‘&के३’ आणि लाइनीवरचा खरा वेग दिसण्यासाठी ‘डब्ल्यू२’. डब्ल्यू२ विसरलात तर प्रत्येक वेळी ‘कनेक्ट ११५२००’ दिसेल, जो फक्त पीसी आणि मोडेम यांच्यातल्या केबलचा वेग आहे. दुकानदार त्या काळी याच आकड्यावर मोडेम खपवत.

आता भारतीय लाइनीचं खास दुखणं. आपल्याकडचा डायलटोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झनं हलणारा, म्हणजे ‘घुर्रर्र’ असा. अमेरिकेत तो ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा. तिकडच्या बाजारासाठी बनवलेला मोडेम इकडचा सूर ऐकतो, ओळखत नाही आणि ‘नो डायलटोन’ म्हणून फोन ठेवतो. ईपीएबीएक्सचा आतला सूर तर आणखी वेगळा. उपाय एकच: ‘एटीएक्स३’, म्हणजे टोनची वाट न पाहता नंबर फिरव, पण बिझी ओळख. विंडोजमध्ये ‘वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग’ या ओळीपुढची खूण काढली की तेच होतं.

नंबर फिरवायला ‘एटीडीटी’ आणि पुढं एक्स्टेन्शनचा आकडा. ‘टी’ म्हणजे टोन. जुनी स्ट्राउजर एक्स्चेंजं टोन ओळखत नसत, तिथं ‘एटीडीपी’ लागे: मोडेम तबकडीसारखी लाइन तोडून-जोडून खटके देतो, सेकंदाला १०. शून्यासाठी दहा खटके, म्हणजे एका अंकाला एक सेकंद. तुमचा ईपीएबीएक्स पल्स ओळखत असेल तर हे जरूर दाखवा. तबकडीचा फोन शेजारी ठेवला तर मुलांना संबंध लगेच कळतो. ऑफिसातून बाहेरची लाइन घ्यायला ‘०’नंतर स्वल्पविराम टाकत, तो म्हणजे दोन सेकंदांची उसंत.

पलीकडच्या मोडेमवर ‘एटीएस०=१’ द्या म्हणजे पहिल्या रिंगला तो फोन उचलेल. ‘एम२’ दिलं तर स्पीकर संपूर्ण कॉलभर चालू राहतो. आता नीट ऐका. आधी नंबर, मग रिंग, मग पलीकडून २१०० हर्ट्झची लांब शिट्टी, आणि दर ४५० मिलिसेकंदांनी तिच्यात एक बारीक उचकी. ती उचकी वाटेतल्या इको कॅन्सलरांना ‘बाजूला व्हा’ असं सांगते. पुढचा तुटक कलकलाट म्हणजे दोघांची ओळखपाळख: कुणाला काय काय येतं. त्यानंतर एकदम अनेक सुरांचा झंकार, त्यात मोडेम लाइन मोजतो: कुठले सूर पोचतात, कुठले गळतात. शेवटची सपाट खरखर म्हणजे डेटा. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांचं. पोस्टरवर हा क्रम लिहून लावा आणि बोट ठेवून ऐकवा. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगपेक्षा हे दसपटीनं लक्षात राहतं.

मोडेमवर ५६ के लिहिलं असलं तरी या मांडणीत ३३,६०० बिटच्या वर वेग मिळणार नाही. त्यात मोडेमचा दोष नाही. ५६ के साठी कंपनीचं टोक एक्स्चेंजला डिजिटल पद्धतीनं जोडलेलं असावं लागतं, म्हणजे वाटेत अॅनालॉग-डिजिटल रूपांतर एकदाच होतं. आपल्याकडे दोन्ही टोकं अॅनालॉग. व्ही.९० हे ५६ के चं मानक मुळी १९९८चं आहे, त्यामुळे १९९५चं दाखवताना त्याची गरजही नाही. उलट वेग खाली आणा. व्हीएसएनएलच्या सुरुवातीच्या जोडण्या ९.६ किलोबिटच्या हिशेबानं दिल्या जात. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमवर ‘एटी&एन६’ दिलं की तो ९६०० वर बांधला जातो; इतरांवर ‘+एमएस’ ही आज्ञा वापरतात, तिची नेमकी मांडणी चिपप्रमाणे बदलते, मॅन्युअल पाहा.

ईपीएबीएक्स मिळालाच नाही तर? काही जण इंटरनेट फोनचा अॅडॉप्टर वापरतात, त्याचे दोन फोन-पोर्ट एकमेकांना कॉल करू शकतात. चालतं, पण त्यात जी.७११ कोडेक ठेवावा लागतो, इको कॅन्सलेशन आणि सायलेन्स सप्रेशन बंद करावं लागतं, जिटर बफर स्थिर ठेवावा लागतो. एक जरी राहिलं तर जोडणी दर दोन मिनिटांनी कोसळते. दोनच मोडेम टेबलावर जोडून पाहायचे असतील तर एका तारेत ९ व्होल्टची बॅटरी आणि ३०० ते ४०० ओहमचा रेझिस्टर ओळीनं घाला, एकीकडे ‘एटीएक्स१डी’, दुसरीकडे ‘एटीए’. रिंग नाही, बिझी नाही, मीटर नाही. तपासणीपुरतं ठीक.

कंपनीचं टोक

सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम लागतात: फोन उचलणारा ‘एमगेट्टी’ आणि जोडणी बांधणारा ‘पीपीपीडी’. दोन्ही डेबियनमध्ये आणि रास्पबेरी पायच्या ओएसमध्ये मिळतात. एमगेट्टीच्या सेटिंग फाइलमध्ये प्रत्येक पोर्टसाठी चार गोष्टी लिहायच्या: वेग ११५२००, फक्त डेटा (फॅक्स नको), किती रिंगनंतर उचलायचं, आणि मोडेमला सुरुवातीला द्यायची आज्ञा. इथं ‘एस०=०’ ठेवा; फोन एमगेट्टीनं उचलायचा, मोडेमनं आपणहून नाही. दोघांनीही उचलायचा प्रयत्न केला की पहिला कॉल लागतो आणि दुसरा लागत नाही, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते. एमगेट्टीच्याच लॉगइनच्या फाइलमध्ये ‘ऑटोपीपीपी’ची एक ओळ आधीपासून असते, तिच्यापुढचं टिप्पणीचं चिन्ह काढा. आता समोरून विंडोज बोलू लागलं तर पीपीपीडी सुरू होईल, माणूस बोलू लागला तर साधं लॉगइन येईल.

पीपीपीडीच्या फाइलमध्ये प्रत्येक पोर्टला आयपी पत्त्यांची एक जोडी द्या, डीएनएसचा पत्ता द्या, हार्डवेअर फ्लो कंट्रोल मागा आणि ‘आयडल ६००’ लिहा, म्हणजे दहा मिनिटं काही हललं नाही की लाइन सुटेल. नाव-पासवर्ड ‘पॅप’च्या फाइलमध्ये. बाहेरच्या इंटरनेटशी जोडायचं तर कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करून नॅट लावा.

खरं तर बाहेरचं इंटरनेट फार उपयोगी पडत नाही. आजची वेबपानं एचटीटीपीएसवर असतात आणि विंडोज ९८च्या ब्राउझरला आजचं कूटलेखन समजत नाही, त्यामुळे ‘पान उघडत नाही’ एवढंच दिसतं. ‘वेबवन’सारखा प्रॉक्सी सर्व्हरवर बसवला तर तो मधे अनुवादकाचं काम करतो. त्याहून बरं म्हणजे सर्व्हरवरच साधी एचटीएमएल पानं ठेवणं: ३०-४० किलोबाइटचं पान, दोन-तीन जिफ चित्रं, एक मोठा फोटो वरून खाली ओळीओळीनं उतरणारा. मराठी मजकूर घालताना सावध: विंडोज ९८ देवनागरी युनिकोड धड दाखवत नाही. त्या काळच्या मराठी संकेतस्थळांवर ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे, कारण प्रत्येकाचा फॉन्ट आणि त्यातली अक्षरांची जागा वेगळी. १९९६ पासून चालत आलेल्या ‘मायबोली’सारख्या संकेतस्थळांना या सगळ्यातून जावं लागलं. तुमच्याकडे जुना श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्ट असेल तर त्यात पान बनवा आणि तो फॉन्ट दुसऱ्या पीसीवर मुद्दाम घालू नका. तिथं इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसेल आणि मुद्दा एका क्षणात पोचेल.

पाचशे रुपयांचं खातं

विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत शेल खातं मिळे. चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर नुसता मजकूर. ज्यांना चित्रांसकट हवं त्यांचं टीसीपी/आयपी खातं कितीतरी महाग. म्हणून कॉलेजातल्या एका अख्ख्या पिढीचं इंटरनेट हे असं होतं, आणि मांडणीत ते वगळलं तर चित्र खोटं ठरेल.

सर्व्हरवर एक युजर तयार करा आणि त्याच्या शेलच्या जागी छोटी मेनू-स्क्रिप्ट ठेवा: १ टपाल, २ वेब, ३ बाहेर. टपालासाठी ‘अल्पाइन’ (त्या वेळच्या ‘पाइन’चा वारस, पडदा जवळपास तसाच), वेबसाठी ‘लिंक्स’. लॉगइनच्या आधी दिसणाऱ्या नावात ‘जीआयएएसपीएन०१’ किंवा ‘जीआयएएसबीएम०१’ असं काही टाका: पहिली चार अक्षरं सेवेची, मग पुणे किंवा बॉम्बे, मग यंत्राचा क्रमांक. ईमेलच्या पत्त्यातही हेच सगळं टाइप करावं लागे, व्हिजिटिंग कार्डावर ती ओळ मावत नसे.

ग्राहकाच्या पीसीवर विंडोज ९८मधलं हायपरटर्मिनल उघडा, व्हीटी१०० निवडा, नंबर फिरवा. बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसण्याऐवजी विचित्र चिन्ह उमटलं तर सर्व्हरवर ‘एसटीटीवाय’नं इरेजची कळ जुळवा. ८० अक्षरांच्या २४ ओळी म्हणजे १,९२० अक्षरं. ९६०० बिटच्या वेगानं अख्खा पडदा भरायला साधारण दोन सेकंद लागतात, डोळ्यांनी मोजता येतात.

आणि इथं एक गंमत आहे. ज्या पीसीवर आजचं एकही पान उघडत नाही, त्याच पीसीवर शेल खात्यातून ते उघडतं. कारण लिंक्स सर्व्हरवर चालतो, कूटलेखनाचं ओझं त्याच्यावर. ग्राहकापर्यंत नुसती अक्षरं येतात. देवनागरीच्या जागी मात्र प्रश्नचिन्हं येतील.

विंडोज ९८ची ग्राफिक जोडणी सोपी आहे. ‘डायल-अप अडॅप्टर’ आणि टीसीपी/आयपी बसवा. नव्या जोडणीच्या ‘सर्व्हर टाइप्स’मध्ये नेटब्यूई आणि आयपीएक्सपुढच्या खुणा काढा, ‘लॉग ऑन टू नेटवर्क’ ही खूणही काढा. ही शेवटची राहिली की पासवर्ड तपासल्यानंतर यंत्र उगाच मिनिटभर घुटमळतं. पीसी ४८६च्या काळातला असेल आणि त्याच्या सिरियल पोर्टची चिप १६५५०ए नसेल तर ११५२०० झेपणार नाही, अक्षरं गळतील. पोर्टचा वेग १९२०० वर आणा.

टेबलावर तीन किलोमीटर

ईपीएबीएक्सपासून ग्राहकापर्यंत दोन मीटर दोरी असते, म्हणून सगळं सुरळीत चालतं. खऱ्या ग्राहकाचं एक्स्चेंज दोन-तीन किलोमीटरवर असे. ती तार टेबलावर आणता येते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीला किलोमीटरमागे एका तारेत सुमारे ८५ ओहम विरोध आणि दोन तारांमध्ये सुमारे ५० नॅनोफॅरड कपॅसिटन्स असतो. म्हणून एका किलोमीटरसाठी दोन्ही तारांत ८२ ओहमचा एकेक रेझिस्टर ओळीनं घाला आणि त्यानंतर दोन्ही तारांमध्ये आडवा ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. असे तीन टप्पे एकापुढे एक. अर्ध्या वॉटचे रेझिस्टर पुरतात. सगळं एका पारदर्शक डबीत बंद करा, दोन्ही बाजूंना रोझेट लावा आणि वर ‘३ किमी’ लिहा.

डबी मध्ये घालून पुन्हा नंबर फिरवा आणि ‘कनेक्ट’पुढचा आकडा पाहा. कपॅसिटर वरचे सूर गिळतात, मोडेम मोजमापाच्या टप्प्यात हे ओळखतो आणि वेग उतरवतो. ईपीएबीएक्स २४ व्होल्टचा असेल तर करंटही काठावर येतो. फोन उचलूनही डायलटोन आला नाही तर एक टप्पा काढून टाका.

खराब सांधा दाखवायचा असेल तर एका रोझेटचा स्क्रू सैल ठेवा आणि तार हलवा. पावसाळ्यात डीपी बॉक्समध्ये, म्हणजे घराघरांच्या तारा जिथं जोडतात त्या पेटीत, पाणी शिरलं, सांध्याला गंज चढला की नेमकं हेच होई: बोलताना थोडी खरखर, म्हणून लाइनमन म्हणे ‘लाइन चालू आहे’, आणि मोडेम मात्र दर पाच मिनिटांनी ‘नो कॅरिअर’, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर हरवला. लाइनमनचंही खोटं नव्हतं, त्याची तपासणी कानाची होती. अशा लाइनीवर ‘एस१०’ हे रजिस्टर वाढवत: मूळ किंमत बहुधा १४, म्हणजे १.४ सेकंद कॅरिअर गेला की फोन ठेव. ५० केलं की मोडेम पाच सेकंद धीर धरतो. जोडीला वेग मुद्दाम खाली बांधत. ३१,२०० वर दहा मिनिटांपेक्षा १४,४०० वर तासभर परवडे.

सर्वांत खात्रीचा प्रयोग मात्र विनाखर्चाचा आहे. ग्राहकाच्या मोडेमला समांतर एक साधा फोन लावा आणि मोठी फाइल उतरत असताना कुणाला तरी तो उचलायला सांगा.

बिझी आणि मीटर

हंटिंग ग्रुपमधून सर्व्हरचा एक मोडेम काढा. एक ग्राहक जोडलेला असताना दुसऱ्याला नंबर फिरवायला लावा: ‘बिझी’. विंडोजला पुन्हा पुन्हा फिरवायला सांगा आणि मुलांना वाट पाहू द्या. १९९५च्या अखेरीस ग्राहकांची ओरड याचीच होती: पैसे भरले, खातं आहे, लाइन लागत नाही. दुसरा मोडेम परत जोडा, दोघेही आत. एका मोडेमवर किती ग्राहक ठेवायचे हाच कंपनीचा धंदा. दहा ग्राहकांमागे एक ठेवला तर दिवसा चालतो आणि रात्री दहाला सगळे एकदम आले की कोसळतो. एसटीडीचे दर रात्री उशिरा उतरत, त्यामुळे लहान गावातले ग्राहक नेमके तेव्हाच येत. ‘१७२’नं सुरू होणारे नंबर आले आणि स्थानिक कॉलच्या दरात कंपनीपर्यंत पोचता येऊ लागलं, तेव्हा जिल्ह्याच्या गावांत सायबर कॅफे निघाले.

मीटर बनवायला पीपीपीडीच मदत करतो. जोडणी तुटल्यावर तो जी स्क्रिप्ट चालवतो तिला जोडणी किती सेकंद टिकली आणि किती बाइट आले-गेले हे आकडे मिळतात. सेकंदांत ३० मिळवा, कारण एक्स्चेंजचा मीटर पलीकडच्या मोडेमनं फोन उचलताच सुरू होई आणि पीपीपीडी त्यानंतरची ओळखपाळख संपल्यावर मोजू लागतो. बेरजेला १८०नं भागा आणि वरच्या पूर्णांकाला न्या: ३ मिनिटांची एक पल्स धरून हे झाले स्थानिक कॉल. पल्समागे रुपया-सव्वा रुपया धरून बिल छापा. थर्मल प्रिंटर असेल तर फारच छान, नसेल तर पडद्यावर. पल्सचा काळ स्क्रिप्टमध्ये बदलता येण्याजोगा ठेवा. लांब पल्ल्याच्या एसटीडीत तो काही सेकंदांचाच असे, आणि तो आकडा टाकल्यावर बिल कुठं जातं ते पाहण्यासारखं असतं.

हिशेबाला हाताशी हे आकडे: १ मेगाबाइट फाइल उत्तम लाइनीवर ९.६ किलोबिटनं सुमारे १५ मिनिटं, १४.४नं १० मिनिटं, ३३.६नं सव्वाचार मिनिटं. आजच्या एखाद्या बातमीचं ३ मेगाबाइटचं पान ३३.६वर साडेबारा मिनिटं, म्हणजे पाच पल्स. कंपनीच्या तासांचे पैसे वेगळे.

नेहमीचे बिघाड

‘नो कॅरिअर’, तेही ओळखपाळख अर्ध्यात असताना: आधी ‘३ किमी’ची डबी काढा, मग समांतर फोन काढा, मग ‘एस७’ वाढवून ९० करा, म्हणजे मोडेम दीड मिनिट वाट पाहील. तरी नाही तर वेग १४,४०० वर बांधून पाहा. तिथं लागलं तर दोष लाइनीत, तिथंही नाही तर मोडेमात. जोडणी होते, पासवर्ड स्वीकारला जातो, पान उघडत नाही: निम्म्या वेळा डीएनएस, उरलेल्या वेळा नॅट. नंबर फिरतो पण रिंग जात नाही: काही आरजे-११ दोऱ्यांत मधल्या दोन तारांऐवजी बाहेरच्या दोन जोडलेल्या असतात. फाइल उतरताना मध्येच थबकते: पीसीकडे किंवा सर्व्हरकडे कुठं तरी फ्लो कंट्रोल हार्डवेअरऐवजी ‘झॉन-झॉफ’ राहिला आहे. सर्व्हरचा मोडेम एक कॉल झाल्यावर पुढचा उचलत नाही: ‘&डी२’ आणि ‘&सी१’ द्या, नाहीतर फोन ठेवला गेल्याचं त्याला कळत नाही.

मांडणी कायमची ठेवायची असेल तर ईपीएबीएक्सला स्वतंत्र अर्थिंग घ्या आणि विजा चमकू लागल्या की मोडेमची फोनची दोरी आणि अॅडॉप्टर दोन्ही काढून ठेवा. प्रत्येक अॅडॉप्टरवर तो कुठल्या मोडेमचा, किती व्होल्टचा आणि एसी की डीसी, हे कापडी चिकटपट्टीवर लिहून चिकटवा. कागदी पट्टी अॅडॉप्टरच्या उष्णतेनं वर्षभरात गळून पडते.